फणसाच्या लाकडाचा पाणी प्यायचा पेला केला, तिसऱ्या दिवशी उभा तडकला. काय चुकलं?

पडवीतला_सुतार:

नमस्कार मंडळी. लाकूडकामात मी अगदी नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. गाव दापोली तालुक्यात, राहायला पुण्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घरामागचा आजोबांनी लावलेला फणस मुळासकट आडवा झाला, माडपोफळी किती गेल्या त्याची तर मोजदादच नाही. खोडाच्या फळ्या पाडून झाल्या आणि जाड फांद्यांचे हात-हात लांबीचे ओंडके पडवीत रचून ठेवले, चुलीला म्हणून. आई दर मे महिन्यात म्हणते जाळूया, मी म्हणतो थांब काहीतरी करतो, असं पाच वर्षं चाललंय.

तर शेवटी यंदा एप्रिलमध्ये एक ओंडका गाडीत टाकून पुण्याला आणला आणि लगेच कामाला लागलो. फांदी साधारण चार इंच जाड, तिचा पाच इंचाचा तुकडा कापला, मधोमध गिरमिटाने भोकं पाडली आणि पटाशीने कोरत कोरत आत गेलो. म्हणजे फांदी उभी ठेवली की जसा पेला दिसेल तसाच, बूड पण त्याच तुकड्याचं, वेगळं काही लावलं नाही. तीन वीकेंड गेले, दोन बोटं कापली, बायकोने फर्स्ट एडचा डबा बाल्कनीतच आणून ठेवला. पण लाकूड काय सुंदर पिवळं निघालं हो, हळदीसारखं. सँडपेपर मारून घरचं खोबरेल तेल पाजलं आणि मोठ्या कौतुकाने पाणी भरलं.

पहिल्या दिवशी भिंती कोरड्या आणि बूड ओलं, टेबलावर गोल डाग. पाणी पण पिवळसर झालं. दुसऱ्या दिवशी रिकामा करून खिडकीत उन्हाला ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना कट् असा आवाज आला, बघतो तर काठापासून बुडापर्यंत सरळ चीर, नख जाईल एवढी. आता महिना झाला तर वर खवट वास पण मारतोय.

ओंडके अजून अकरा आहेत त्यामुळे हिंमत आहे. पण पाच वर्षं वाळलेलं लाकूड तडकतंच कसं? दुसरं, तेल कुठलं लावायचं? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि त्यांची लाकडं पण आपल्याकडे मिळत नाहीत. आणि चहा पिता येईल असा पेला होतो का मुळात? काकांनी शुगरसाठी बिवळ्याचा, म्हणजे विजयसाराच्या लाकडाचा ग्लास आणलाय, त्यात रोज पाणी भरून ठेवतात, तो काही तडकलेला नाही, मग माझाच का?

---

स्टीलभांडं:

चारशे मिलीचा स्टीलचा पेला मिळतो हो दुकानात, बोटं पण शाबूत राहतात. 😄 बरं फोटो टाका तडकलेल्याचा.

---

रंधा_पटाशी:

फोटो नसला तरी सांगतो काय झालं ते. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम, मी स्वतः आता नोकरी करतो पण वाकस हातात धरता येतो अजून.

तुम्ही फांदीचा गाभा पेल्यातच ठेवलात. फांदी आडवी कापली की मधे जो बारीक ठिपका दिसतो ना तो गाभा, आणि त्याच्याभोवती गोल गोल वळ्या. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वळीच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं, आणि लांबीत तर जवळपास नाहीच. आता विचार करा, अख्खा गोल तुकडा आहे, घेर जास्त कमी व्हायला बघतोय आणि जाडी त्या मानाने कमी होत नाहीये, मग तो घेर कुठेतरी फाटणारच. माझे आजोबा म्हणायचे की अख्खा गोल फोडल्याशिवाय राहत नाही, तू नाही फोडलास तर तो स्वतः फुटतो. तुम्ही मधलं लाकूड कोरून काढलंत त्यामुळे भिंतीतला गाभा गेला, पण बुडात तो राहिलाय, आणि चीर बहुतेक तिथूनच सुरू झालेली असणार, नीट बघा.

गळतीचं पण तेच. लाकूड म्हणजे झाडूच्या काड्यांची जुडी समजा, बारीक बारीक नळ्या उभ्या. तुमच्या पेल्याच्या बुडात त्या सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी आहेत, वरून पाणी ओतलं की खालून झिरपणारच. भिंतीतून आलं नाही कारण तिथे त्याच नळ्या पाण्याच्या वाटेत आडव्या येतात, आरपार जायला वाट नाही.

उपाय एकच. ओंडका आधी कुऱ्हाडीने किंवा पाचर मारून मधोमध उभा फोडा. गाभ्याचा अंगठ्याएवढा पट्टा दोन्ही अर्ध्यांतून तासून फेकून द्या. मग तो अर्धा ओंडका आडवा ठेवा आणि त्यात वरून खड्डा कोरा, काठवटीसारखा. जुन्या काठवटी बघा कुठे मिळाल्या तर, एकही उभ्या खोडाची नसते, सगळ्या आडव्या. पेल्याचं तोंड गाभ्याच्या बाजूला येऊ दे आणि बूड सालीच्या बाजूला, म्हणजे वळ्या वाटीसारख्याच वळतात आणि कोरायला पण सोपं जातं. अशाने पेला उंच होणार नाही, बसका होईल, वाटी आणि पेला याच्या मधलं काहीतरी. पण टिकेल. फक्त चार इंचाच्या फांदीतून तेवढी वाटी निघणं अवघड आहे, जाडातले जाड ओंडके निवडा.

आता पाच वर्षं वाळलं म्हणता ते. कुठे वाळलं? दापोलीत पडवीत. लाकूड हवेएवढंच वाळतं, हवेच्या पुढे जात नाही. कोकणात पावसाळ्यातल्या हवेत लाकडात सोळा-अठरा टक्के पाणी राहतं, तुम्ही ते उचलून एप्रिलच्या पुण्यात आणलंत जिथे दुपारची हवा पापडासारखी, तिथे ते सहा-सातवर यायला बघणार. वर तुम्ही भिंती पातळ केल्यात, एकदा भिजवलंत आणि उन्हात ठेवलंत. एवढं सगळं केल्यावर तिसरा दिवस बघितला हेच खूप झालं.

आणि एक, कुठल्याही झाडाचं लाकूड उचलून पेला करायला घेऊ नका. कण्हेर, काजरा, बिब्बा यांच्या वाटेला जायचं नाही. पहिली दोन विषारी आहेत आणि बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. फणस चांगला. आंबा चालतो पण लवकर किडतो आणि काळा पडतो. शिवण मिळाली तर सोडू नका, हलकी, तडकायला नाखूश आणि पटाशीला लोण्यासारखी.

---

पडवीतला_सुतार:

बुडात बघितलं. चीर खरंच त्या ठिपक्यातून निघालीये. 🙏 दंडवत.

---

ओउलूकर:

मी उत्तर फिनलंडमध्ये राहतो, इकडे या विषयाची मोठी परंपरा आहे म्हणून लिहितो. सामी लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा, लाकडी पेला असतो, फिनिशमध्ये कुक्सा म्हणतात, त्यांच्या उत्तर सामी भाषेत गुक्सी. एका बाजूला कान, कानाला बोटं जातील अशी एक-दोन भोकं, कमरेला दोरीने लटकवून रेनडियरच्या मागे रानोमाळ हिंडायचं आणि त्यातच कॉफी प्यायची. महाग वस्तू आहे, दुकानात पर्यटकांसाठी मशीनवर केलेले पण ढिगाने असतात.

रंधा_पटाशी यांनी गाभ्याचं सांगितलं ते बरोबरच, पण इथले लोक एक पायरी पुढे जातात. ते साधं लाकूड घेतच नाहीत, बर्चच्या खोडावर जो गोळा येतो, आवाळूसारखा, तो घेतात. फिनिशमध्ये पाहका म्हणतात त्याला. त्याच्या आत नळ्यांची सरळ जुडी नसतेच, सगळा गुंता असतो, विस्कटलेल्या लोकरीसारखा. चिरेला पळायला सरळ रस्ताच मिळत नाही त्यामुळे तडकत नाही. आणि दिसायला पण असा नक्षीदार की विचारू नका. गोळा अर्धगोल असतोच, म्हणजे अर्धं काम झाडानेच केलेलं.

मी इथे संध्याकाळच्या क्लासला जाऊन एक केला. ओल्या लाकडातच कोरायचं, तेव्हा ते मऊ असतं, भिंत बोटाएवढी जाड ठेवायची. मग आमच्या बाईंनी ते मिठाच्या पाण्यात बराच वेळ उकळायला लावलं. सगळेच असं करतात असं नाही, काहींना मीठ आवडत नाही, पण कारण असं की मीठ ओलावा धरून ठेवतं आणि लाकूड एकदम न वाळता हळूहळू वाळतं. त्यानंतर त्याच लाकडाच्या ढलप्यांमध्ये पुरून कागदी पिशवीत घालून गार खोलीत ठेवलं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं, तीन रविवार वजन हललं नाही की वाळलं समजायचं आणि मग शेवटचं पातळ कोरीव काम. मला साडेतीन महिने लागले. एप्रिलमध्ये तीन वीकेंडमध्ये पेला म्हणजे तुम्ही फारच घाई केलीत राव.

धुताना साबण लावायचा नाही, नुसतं पाण्याने खळबळून उपडा ठेवायचा. डिशवॉशरमध्ये टाकला तर गेलाच. इथे म्हणतात कुक्सा स्वतः विकत घेऊ नये, कुणीतरी द्यावा, तरच लाभतो. मी स्वतः केला, तो कुठल्या खात्यात बसतो देव जाणे. जाता जाता, बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचा सख्खा चुलतभाऊ. आपण त्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या आणि यांनी त्याच्या गाठीतून कॉफी प्यायली.

---

पडवीतला_सुतार:

हे गोळ्याचं भारीच. पण फणसाला असे गोळे पाहिल्याचं आठवत नाही. वजनाची आयडिया मात्र लगेच उचलतो, काटा घरात आहेच, बायकोच्या केकचा.

---

रंधा_पटाशी:

जुन्या आंब्याच्या खोडावर फुगे असतात बघा कधीकधी. पण त्यासाठी उभं झाड तासायला जाऊ नका, आंब्याला जखम झाली की कीड आत शिरते. पडलेलं मिळालं तरच.

---

प्रयोगवही:

तेलाबद्दल मी लिहिते, अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे, आता रिटायर्ड.

तेलं दोन जातीची. काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन आपोआप घट्ट होतात, त्यांचा पातळ पापुद्रा बनतो, आणि काही जन्मभर तेलच राहतात आणि नंतर खवट होतात. कुठलं कसं वागेल ते आयोडीन व्हॅल्यू नावाच्या आकड्यावरून कळतं. खोबरेलाचा आकडा दहाच्या आसपास, म्हणजे ते कधीच वाळणार नाही, तुमच्या पेल्याला वास येतोय तो त्याचाच. शेंगदाणा नव्वदच्या आसपास, तीळ एकशेदहाच्या आगेमागे, ही पण कामाची नाहीत. जवसाचा एकशेसत्तरच्या वर, ते खरं वाळणारं. करडई एकशेचाळीसच्या पुढे, ती पण वाळते पण सावकाश. दोन्ही आपल्या विदर्भ-मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या खाण्यातली, घाण्यावरची मिळतात, परदेशातून बाटल्या मागवायची काही गरज नाही.

जवस घ्यायचं ते खायचं, कच्चं. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून रंगवाल्यांचं मिळतं ते अजिबात घेऊ नका, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, ते दाराच्या चौकटीला ठीक आहे, तोंडाला लावायच्या भांड्याला नाही. फडक्याने अगदी पातळ थर द्यायचा, अर्ध्या तासाने उरलेलं सगळं पुसून काढायचं, आठवडाभर हवेशीर ठेवायचं, परत दुसरा थर. चार-पाच थर आणि शेवटच्या थरानंतर निदान महिनाभर वाट. जाड थर दिलात तर चिकट मेणकापड होतं, मी एकदा पोळपाटाचं तसं करून बसलेय.

आणि हे नीट वाचा, सगळ्यात महत्त्वाचं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना त्यातून उष्णता निघते, चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडकं काडी न लावता आपोआप पेटू शकतं. गंमत नाही. दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

मेण लावायचं कुणी सुचवलं तर मधमाशीचं मेण चांगलंच आहे पण ते बासष्ट-चौसष्ट डिग्रीला वितळतं. आपला चहा त्याहून गरम असतो, म्हणजे चहावर मेणाचे डोळे तरंगतील. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, ती खेळण्यांना, लाटण्याला छान, पण गरम पाण्याने पांढरी पडते. म्हणून माझं मत, गार पाण्यासाठी जवस अधिक मेण, चहासाठी नुसतं जवस, आणि कढत चहा असेल तर मुकाट्याने कपबशी.

पिवळं पाणी फणसाच्या लाकडातल्या रंगाचं. मोरिन म्हणतात त्यातल्या एका द्रव्याला. ब्रह्मदेशातले भिक्षू चिवरं रंगवायला हेच लाकूड उकळायचे. पेला झाला की पहिली पाच-सहा पाणी रात्रभर भरून ठेवून फेकून द्या, रंग कमी होत जाईल.

---

स्टीलभांडं:

फडकं आपोआप पेटतं?? मागच्या दिवाळीत दाराला तेलपाणी केलं आणि फडक्यांचा बोळा माळ्यावर टाकलाय. आलो बघून.

---

रानवाटा:

बिवळ्याच्या ग्लासबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. तो तुमच्या काकांचा ग्लास तडकत नाही कारण एक तर तो कातावर (लेथवर) काढलेला, भिंती चांगल्या अर्धा-पाऊण इंच जाड, आणि दुसरं म्हणजे काका त्यात रोज पाणी भरतात त्यामुळे तो वाळतच नाही. काका महिनाभर तीर्थयात्रेला गेले आणि ग्लास रिकामा राहिला तर तो पण तडकेल, आमच्याकडचा तसाच गेला.

पण त्या ग्लासाची गंमत वेगळीच आहे. रात्री पाणी भरून सकाळी काचेच्या ग्लासात ओता आणि उन्हाच्या तिरिपेत धरा. पाणी तपकिरी-सोनेरी दिसतं पण काठाला निळी झाक मारते, आकाशी, एकदम भुताटकी वाटते. लिंबू पिळलं की निळं गायब, चिमूटभर खायचा सोडा टाकला की परत हजर. हा खेळ फार जुना आहे. बिवळ्याचा एक भाऊ फिलिपिन्समध्ये होतो, नारा म्हणतात, त्याचे पेले पूर्वी स्पेनमार्गे युरोपात राजेरजवाड्यांना भेट म्हणून जायचे, मूत्रपिंडाचं औषध म्हणून. मेक्सिकोमधलं पण एक लाकूड होतं तसंच निळं पाणी देणारं. मोनार्देस नावाच्या स्पॅनिश वैद्याने १५६५ मध्ये त्या निळ्या पाण्याबद्दल लिहून ठेवलंय आणि १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइलने, तोच शाळेतल्या बॉइलच्या नियमाचा, आम्ल घालून निळा रंग घालवून आणि अल्कली घालून परत आणून दाखवला. म्हणजे आपली ट्यूबलाइट ज्यावर चालते त्या प्रतिदीप्तीचं, म्हणजे प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा बाहेर टाकण्याचं, जगातलं जवळजवळ पहिलं निरीक्षण असल्या लाकडाच्या पाण्यावर झालं. आणि आपण तसला पेला जत्रेतून दोन-तीनशे रुपयाला आणतो.

शुगरचं म्हणाल तर जरा जपून. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विजयसारावर चाचणी केली होती, १९९८ मध्ये छापून आली, ९७ नव्या रुग्णांपैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. दुकानदार हेच कात्रण दाखवतात. पण ती चाचणी काढलेल्या अर्काची होती, दिवसाला दोन ते चार ग्रॅम मोजून दिलेला, ग्लासात भिजवलेल्या पाण्याची नव्हे. ग्लासातून रोज किती उतरतं ते कोण मोजतंय? आणि काही महिन्यांनी तर रंगच उतरायचा थांबतो. काकांना म्हणावं पाणी प्या हवं तर, पण गोळ्या बंद करू नका.

आणि बिवळा शोधत रानात जाऊ नका कुणी. बिवळा, म्हणजे सरकारी कागदावर बीजा, आणि तुमचा फणस सुद्धा, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. ग्लासांच्या धंद्यापायी कोवळी झाडं जातात त्याचं मला फार वाईट वाटतं.

---

पडवीतला_सुतार:

लिंबाचा प्रयोग आत्ता काकांना फोन करून करायला लावला. काका म्हणाले निळं गेलं, आता औषध पण गेलं का? मी काय सांगणार.

---

माडाखाली:

अरे बाबा, तुझ्या परड्यात माड आसत मां, मगे इतको खटाटोप कित्याक करतंस? करटी घे!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मालवणकडे आमटी-भात वाढायला करवंटीची डवली घरोघरी असायची, कढत आमटीत रोज बुडते, तडकत नाही, गळत नाही, तेल नको काही नको. कारण करवंटी झाडाने मुळातच पाणी साठवायला केलेली आहे. जून नारळ घ्यायचा, पूर्ण तयार झालेला, शहाळ्याची करवंटी नुसतीच मऊ. डोळे असतात ती बाजू नाही, दुसरी घ्यायची. नारळ कोयत्याने फोडू नका, वाकडातिकडा फुटतो, बारीक दातांच्या करवतीने गोल फिरवत फिरवत कापा. खोबरं काढून दोन दिवस उन्हात ठेवलं की आतला चॉकलेटी पापुद्रा सुटतो. बाहेरची शेंडी काचेच्या तुकड्याने खरवडायची, काचेसारखं हत्यार नाही यासाठी, मग पॉलिश पेपर ऐंशी नंबरपासून चारशेपर्यंत. शेवटी खोबऱ्याचाच एक तुकडा घासला की काळी कुळकुळीत चमकते. आता वर बाई म्हणाल्या खोबरेल खवट होतं, ते लाकडात मुरतं म्हणून, करवंटीत मुरतच नाही, पुसून काढायचं.

बुडाला गोल असते म्हणून कलंडते. तिला डोळ्याच्या बाजूच्या अर्ध्या करवंटीची एक इंचाची कडी कापायची आणि त्यावर बसवायची, चिकटवायची पण गरज नाही, कडी वेगळीच ठेवली तरी चालते. मूठ हवी तर काठाखाली समोरासमोर दोन भोकं आणि त्यातून बांबूची कामटी आरपार, एका बाजूला लांब सोडायची. अर्ध्या दिवसाचं काम. माझी मुलगी नववीत आहे, तिने चार केल्या, त्यातली एक माझ्याकडून पडली आणि फुटली, अजून बोलत नाही माझ्याशी.

---

मंगळवेढेकर:

सगळे कोरत बसलेत, आमच्याकडे भांडं वेलीला लागतं. 😀

भोपळ्याचा तुंबा. आमच्या मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यातूनच मिरजेच्या तंबोरेवाल्यांकडे भोपळे जातात, तो मोठा, जाड सालीचा. पाण्याच्या तुंब्याला लहान लागतो, गळा असलेला. आमचे पणजोबा शेतावर जाताना तुंब्यातून पाणी न्यायचे, आजोबा सांगायचे की ते मातीच्या गाडग्याएवढं गार नाही पण खांद्यावर हलकं आणि पडलं तरी लगेच फुटत नाही.

भोपळा वेलीवरच वाळू द्यायचा, देठ पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. हिरवा तोडला तर साल सुरकुतते आणि सडतो. मग सावलीत टांगायचा, दोन-तीन महिने तरी, बुरशी आली तर घाबरायचं नाही पुसून टाकायची, हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की झालं. तोंड कापून आत पाणी भरायचं, गर कुजून सुटतो, मग खडे घालून गदागदा हलवायचं आणि ओतून द्यायचं. वास असा येतो की शेजारी विचारायला येतात. पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, दहा-पंधरा दिवस, कडवटपणा शून्य होईपर्यंत. यात हयगय नको, कडू भोपळ्याचा रस पोटात गेला तर माणूस आजारी पडतो, अगदी दवाखान्यात न्यायची वेळ येते. जिभेच्या टोकाला लावून बघायचं, जरा जरी कडू लागलं तर थुंकायचं आणि आणखी भिजवायचं. कीर्तनात ऐकली असेल ना गोष्ट, कडू भोपळा सगळ्या तीर्थांत बुडवून आणला तरी कडूच राहिला. तीर्थात एकेक बुचकळी मारली असेल, पंधरा दिवस भिजत ठेवला असता तर निघाला असता कडवटपणा, असं आमचा एक चुलता दर कीर्तनात मागे बसून म्हणतो.

वारल्यांचा तारपा बघितला असेल, तो पण भोपळ्याचाच. पण तो वाजवायचा, त्यात पाणी नाही.

---

ओउलूकर:

चुलत्याला माझा नमस्कार सांगा.

---

पडवीतला_सुतार:

मंडळी, अपडेट. सगळं ऐकून गणपतीला गावी गेलो तेव्हा तिथेच काम केलं, पुण्याला आणलं नाही. सर्वात जाड ओंडका निवडला, सात इंचाचा. पाचर मारून उभा फोडला, काय सुंदर सरळ फाटला. गाभा तासून टाकला. आत कोरायला दापोलीतल्या लोहाराकडून जुन्या कानशीचा वाकडा चाकू करून घेतला, सरळ पटाशीने वाटीचा तळ गुळगुळीत होतच नाही हे पहिल्या पेल्यात कळलं होतं. भिंत बोटाएवढी ठेवून ढलप्यांसकट कागदी पिशवीत घातला आणि पिशवी कोठीच्या खोलीत.

वजन आईकडे सोपवलं. दर रविवारी फोन. ४१२ ग्रॅमवरून निघालो, पहिल्या महिन्यात भराभर उतरलं, मग रोडावलं, आता तीन रविवार एकाच आकड्यावर अडकलंय. आईला आता एवढा नाद लागलाय की ती बुधवारी पण करते आणि तीन ग्रॅम वाढलं तर मला विचारते, पाऊस होता म्हणून असेल का रे?

एक झालंय. पेला गोल राहिला नाही, लांबट झालाय, अंड्यासारखा. तडा कुठेही नाही पण. हे नॉर्मल आहे का? आणि आता पुण्याला आणू का अजून थांबू?

---

रंधा_पटाशी:

एकदम नॉर्मल. आकसण्याचा फरक सांगितला होता तोच हा, या वेळी त्याला फाटण्याऐवजी वाकायला जागा मिळाली. पुण्याला आणा, पण पिशवीसकट, आणि ती पिशवी तशीच महिनाभर कपाटात कपड्यांच्या मागे ठेवा. अजून वीसेक ग्रॅम जातील. शेवटचं कोरीव काम आणि तेल त्यानंतर. बाकीचे ओंडके पण या पावसाळ्यानंतर उभे फोडून ठेवा, अख्खे ठेवू नका.

---

स्टीलभांडं:

माळ्यावरची फडकी काढली. पेटली नव्हती, पण दगडासारखी कडक झाली होती. प्रयोगवही ताई, धन्यवाद. आणि तो अंड्यासारखा पेला कितीला विकणार?

---

पडवीतला_सुतार:

विकायचा नाही. आई म्हणते एवढे दिवस मी वजन केलंय, पेला माझा.